केरबातात्यांची वाळू

केरबातात्या माणसाचं तोंड पाहायच्या आधी त्याच्या वहाणा पाहत.

विट्याच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा लढाई सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. कोळशावर चालणारी मोटार साताऱ्याहून निघून, वाटेत चार वेळा दम खाऊन, मला विट्याच्या स्टँडवर टाकून गेली. खांद्यावर वळकटी, पोटात कावळे. समोरच फुटाण्याची भट्टी दिसली. मी जाऊन छटाकभर फुटाणे मागितले. भट्टीमागे बसलेल्या म्हाताऱ्यानं वर न बघताच सांगितलं, "डावा पाय वर घ्या."

मी शाळामास्तर. पोरांना असले हुकूम सोडण्यात माझा जन्म गेलेला, त्यामुळे हुकूम कानावर पडला की पाळायची सवय मलाही लागलेली. मी पाय वर घेतला. म्हाताऱ्यानं माझी वहाण काढून घेतली, जळक्या काडीनं तळव्याच्या शिवणीतली वाळू कागदावर उकरली, चिमूट कानाशी नेऊन डोळे मिटून चोळली, मग एक कण पुढच्या दातांखाली धरून कुरकुरवला. "माहुलीचं वाळवंट," तो म्हणाला. "काल सकाळचं." मी खरंच आदल्या दिवशी माहुलीला संगमावर आंघोळ करून निघालो होतो. मी थक्क झालो. त्यानं त्याच हातानं मला वहाण परत दिली आणि त्याच हातानं फुटाणे दिले. त्या फुटाण्यांना चव माहुलीची होती की माझ्या वहाणेची, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

पुढे ओळख वाढल्यावर मी त्यांना त्या चमत्काराबद्दल विचारलं. तात्या म्हणाले, साताऱ्याकडनं येणारा प्रत्येक बामन माहुलीला बुडी मारूनच येतो, त्यात वाळूचं काय एवढं.

फुटाणे वाळूत भाजतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या वाळूकडे कोणी बघत नाही. केरबातात्या बघत. भट्टी त्यांच्या वडलांची. वडलांनी जाताना पोराला एक कढई, एक झारा, दोन चाळण्या आणि येरळेच्या वाळूचं एक पोतं दिलं. तरुणपणी तात्यांना वाटलं, येरळेपेक्षा चांगली वाळू जगात कुठेतरी असणार. झालं. बायकोला सांगायचं हरभरा बघायला जातो म्हणून, आणि जायचं कृष्णेकाठी. कोयना, वारणा, माणगंगा, अग्रणी, सगळ्या नद्या त्यांनी पायी पालथ्या घातल्या आणि प्रत्येक ठिकाणाहून धोतराच्या सोग्यात वाळू बांधून आणली. नद्यांबद्दल ते बोलायला लागले की सोयरीक जुळवायला बसल्यासारखं वाटे. कृष्णा थोराघरची, थोडी मानी, पण भाजणी एकसारखी. कोयना लवकर तापती, रुसती बी लवकर. माणगंगा गरिबाची लेक, थोड्या पाण्यात वाढलेली, पण कामाला वाघ. समुद्राच्या वाळूचं नाव काढलं की मात्र ते तोंड वाकडं करत. "खारट जात. हरभऱ्याचा घात करती."

"कण बघा, मण बघू नका" हे त्यांचं ब्रीद. वाळूबद्दल ते बरोबरच होतं. पण तात्या ते कुठेही वापरत. कुणाच्या मुलीला स्थळ आलं, पन्नास एकर ऊस आहे असं कुणी सांगितलं, की तात्या म्हणणार, कण बघा, मण बघू नका. माझ्या शाळेचा निकाल वाईट लागला तेव्हाही त्यांनी मला हेच ऐकवलं. अख्ख्या वर्गात एकच पोरगं पास झालं होतं. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल जो जिव्हाळा वाटला तो काही वेगळाच.

लढाई सुरू झाली आणि तात्यांच्या वाळूला पंख फुटले. आमच्या भागात घरटी एक पोरगा पलटणीत. रजेवर येणारा शिपाई मोटारीतून उतरला की पहिल्यांदा भट्टीवर जाणार. ट्रंकेतून, सॉक्सातून, एकदा तर पाण्याच्या बाटलीतून वाळू निघे. इजिप्तची, लिबियाची, इराकची, पुढे इटलीची, ब्रह्मदेशाची. विट्यासारख्या गावात, जिथे पावसाळ्यातसुद्धा पाण्याची बोंब, तिथे नाईल नदीचा काठ औषधाच्या बाटलीत बसलेला मी पाहिला आहे.

औषधाच्या बाटल्या ही एक भानगडच होती. त्या काळी दवाखान्यात जाताना बाटली आपल्या घरून न्यावी लागे. कंपौंडर तीत लाल पाणी भरून वर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून देई. गावातला कोणी बरा झाला की तात्या त्याच्या दारात हजर. लोकांना वाटे, म्हातारा चौकशीला आला. म्हातारा बाटलीला आलेला असे. पट्टी ते काढत नसत. उलट तेच त्यांचं माप झालं. वाळूची देवघेव डोसावर चाले: एक डोस कोयना द्या, एक डोस बसरा घ्या.

या बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं आहे, हा माझा एकमेव गुन्हा. रविवारची दुपार झाली की बोलावणं येई. मी दौत-टाक घेऊन बसे आणि तात्या सांगत: गाव कोणतं, आणलं कुणी, आणि गुण काय. गुण म्हणजे भाजणीचे. तात्यांनी प्रत्येक वाळू एकदा तरी कढईत घालून तीत चार दाणे भाजले होते, आणि सबंध जगाची वाटणी त्यांनी तीन भागांत केली होती: हरभऱ्याचे देश, चिरमुऱ्याचे देश आणि निकामी देश. इटली काळी, जड, शेंगांना बरी. इजिप्तची वाळू फार बारीक, दाण्याला चिकटते. हे सांगताना तात्या हळहळले. त्या मुलखातल्या लोकांना जन्मात धड फुटाणा मिळत नसणार, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या फुटाण्यांचं खरं दुःख त्यांना होतं. हिटलरचं तितकं नव्हतं.

तात्यांची बायको, सरूकाकी, या सगळ्याकडे दुर्लक्ष करी. तिचं वाळूशी नातं सरळ होतं. एकदा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तवा घासायला वाळू मिळेना, म्हणून तिनं हाताला लागली ती बाटली ओतली. ती नाईल निघाली. तात्या दोन जेवणं जेवले नाहीत. तिसऱ्या जेवणाला बसले तेव्हा त्यांनी तवा उन्हात धरून उलटसुलट पाहिला आणि मला निरोप पाठवला. मी गेलो. उरलेल्या चिमूटभर नाईलच्या चिठ्ठीवर त्यांनी मला वाढवून लिहायला लावलं: भांड्यांस उत्तम.

बेचाळीसच्या धामधुमीत आमच्या जिल्ह्यात काय काय चाललं होतं ते सांगायला नको. रूळ उखडले जात होते, चावड्या जळत होत्या. कुणीतरी चुगली केली की फुटाणेवाल्याच्या घरात साठ बाटल्या बॉम्बची पूड आहे. एक फौजदार चार शिपाई घेऊन आला. बाटल्या ओळीत मांडल्या. लाल, काळी, पांढरी, राखी, चमचमणारी अशी तऱ्हेतऱ्हेची पूड बघून फौजदाराचा संशय पक्का झाला. तात्या म्हणाले, "वाळू हाय. चाखा." फौजदारानं एका शिपायाला चाखायला लावलं. शिपाई मेला नाही, म्हणून पंचनामा सुरू झाला, आणि पंच म्हणून लिहायला अर्थातच मी. फौजदार विचारी, यात काय? तात्या सांगायला लागत: वारणा, अमुक घाट, कण गोल, ताप मध्यम, वाटाण्याला चांगली. मी सगळं उतरून घेत होतो. तेविसाव्या बाटलीला फौजदार उठला. तात्या त्याच्या मागे स्टँडपर्यंत धावत गेले. "सायेब, अजून सदतीस हायत." पुढच्या आठवड्यात तो चाखणारा शिपाई एकटाच, साध्या कपड्यांत आला आणि लाजत लाजत एक पुडी ठेवून गेला. त्याच्या गावची, रत्नागिरीकडची वाळू होती. तात्यांनी समुद्राची म्हणून तोंड वाकडं केलं नाही. बाटलीत भरली.

छंद हा रोग लागट असतो. तात्यांचा दोघांना तरी पक्का लागला. एक गौसभाई गवंडी. त्याला लहानपणापासून वाळूशी संबंध, पण ती जपून ठेवायची असते हे त्याला तात्यांकडून कळलं. त्याच्या घरी करंज्यांच्या डब्यांत वाळू असे. फुटाण्याला गोल कणाची वाळू लागते आणि गिलाव्याला कोनेदार, त्यामुळे या दोघांचं जन्माचं भांडण. गौसभाई म्हणे, "गोल वाळूची भिंत आन् गोल बोलनाऱ्याची साक्ष, दोनी कवा घसरंल नेम न्हाई." दुसरे पेन्शनर सुभेदार हिंदुराव. मागच्या लढाईत ते बसऱ्याला होते. तिथली वाळू त्यांनी मुद्दाम आणली नव्हती. वळकटीत आपोआप आली आणि वीस वर्षं झटकून संपली नाही. तात्यांनी ती बघितल्यावर सुभेदारांना एकदम आपल्या वळकटीचा अभिमान वाटायला लागला. रविवारी दुपारी हे तिघे भट्टीच्या ओट्यावर बसून डोसांची अदलाबदल करत, आणि चौथा मी, मला वाळूचं काही कळत नाही हे दर रविवारी ऐकून घ्यायला.

लढाई संपली. त्यानंतरच्या पावसाळ्यात तात्यांचा खोकला बळावला. पन्नास वर्षं भट्टीचा धूर खाल्लेला. डॉक्टरांनी सांगितलं, भट्टी सोडा. तात्यांचा एकुलता मुलगा शंकर तिकडे मदुरेला गलाईच्या दुकानात होता. जुनं सोनं आटवून शुद्ध करायचा धंदा; आमच्या भागातली कितीतरी पोरं त्यापायी मुलूखभर पांगलेली. शंकर स्वतः न्यायला आला. दसऱ्यानंतर आईबापांना घेऊन जायचं ठरलं. भट्टी एका चिरमुरेवाल्यानं घेतली. सरूकाकीनं दोन दिवसांत बोचकी बांधली. राहिल्या बाटल्या. तोवर त्या शंभरावर गेल्या होत्या, आणि मदुरेपर्यंत तीन गाड्या बदलाव्या लागत.

आमच्या हेडमास्तरांनी शाळेच्या कपाटात ठेवायची तयारी दाखवली. तात्या कपाट बघायला आले. आत एक पृथ्वीचा गोल होता, एक पेंढा भरलेलं मुंगूस होतं आणि बाहेर भलंमोठं कुलूप. तात्यांनी मुंगसाकडे बराच वेळ पाहिलं. मग हेडमास्तरांचे आभार मानून बाहेर आले आणि मला म्हणाले, वाळू हातात घ्यायची वस्तू आहे, कुलपात ठेवली की तिचं हे असं मुंगूस होतं. वाळू द्यायची ती नाद असलेल्यांनाच. पण नाद आहे हे तोंडानं सांगून भागणार नाही, परीक्षा द्यावी लागेल.

म्हणून एका रविवारी आम्ही तीन बाप्ये डोळ्यांना पंचे बांधून ओट्यावर बसलो. मोटारीला आलेली माणसं थांबून बघत होती. वर्गातल्या पोरांपैकी कुणी त्यांच्यात नसेल, अशी मी मनात प्रार्थना करत होतो. तात्या एकेकाच्या तळहातावर चिमूट ठेवत. सुभेदारांनी प्रत्येक चिमटीला "बसरा" असा खणखणीत रिपोर्ट दिला. गौसभाईला चुना कालवल्याशिवाय काही सांगता येईना. माझी पाळी आली. मी चिमूट कानाशी नेली, चोळली, तात्यांसारखे डोळे मिटले (ते पंच्याखाली मिटलेलेच होते), आणि गंभीरपणे म्हणालो, नाईल. ते शेंगदाण्याच्या कढईतलं भाजकं मीठ होतं. सरूकाकीला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"नापास सगळंच," तात्यांनी निकाल दिला. "पर नापासात बी डावं-उजवं असतंयच."

वाटणी झाली. आपल्याकडच्या नद्या गौसभाईला. इराक, इजिप्त, लिबिया सुभेदारांना. निदान त्यातली एक तरी बसरा होती. इटली, ब्रह्मदेश आणि रत्नागिरीच्या पुडीसकट सगळे समुद्र मला. अट एकच होती. कुणी नादिष्ट माणूस मागायला आला तर एक डोस द्यायचा, त्याच्याकडचा एक डोस घ्यायचा, आणि नाही म्हणायचं नाही. सुभेदारांनी सॅल्यूट ठोकून बाटल्या ताब्यात घेतल्या. गौसभाई पाटीत वाळवंटं भरत होता आणि मोजणी करता करता रडत होता, पण चुन्यानं डोळे चुरचुरतात असं सांगत होता. चुना त्या दिवशी कुठे नव्हता.

आता वरच्या फळीबद्दल सांगायला हवं. खरं म्हणजे मी इतका वेळ ते टाळत होतो.

भट्टीच्या मागच्या भिंतीला अगदी वर, छताजवळ एक फळी होती. तिच्यावर रिकाम्या बाटल्या असत. पलटणीत भरती व्हायला निघालेला पोरगा मोटारीची वाट बघत स्टँडवर उभा राहिला की तात्या त्याला हाक मारत. दोन ओंजळी फुटाणे त्याच्या पिशवीत ओतत आणि काम सांगत: जिथं जाशील तिथली मूठभर वाळू आण. लगेच मला बोलावणं. मी चिठ्ठीवर नुसतं त्या पोराचं नाव लिहायचं, गावाची आणि गुणांची जागा कोरी. चिठ्ठी बाटलीला चिकटवून बाटली वरच्या फळीवर. पोरगा परत आला, वाळू भरली, की बाटली खाली. एकदा एका दिवसात अकरा चिठ्ठ्या लिहून माझा हात आखडला तेव्हा मी चिडून विचारलं होतं की एवढ्या सगळ्या वाळूचं काय करणार आहात. तात्या झारा ढवळत म्हणाले होते, "वाळूचं काय न्हवं, मास्तर. काम सांगितल्यालं असलं की मानसाला यावं लागतंय."

बहुतेक आले. एकजण एक पाय तिकडे ठेवून आला, पण वाळू घेऊन आला. वाटणीच्या दिवशी त्या फळीवर चार बाटल्या उरल्या होत्या. सुभेदार शिस्तीचा माणूस. त्यांनी वर बोट दाखवून सांगितलं की ह्या फालतू आहेत, दवाखान्याला देऊन टाका. गौसभाईनं पाटी उचलली आणि सुभेदारांना कोपरानं ढोसत रस्त्याला लावलं.

मी निघालो तसा तात्यांनी माझा सदरा धरला. त्यांना त्या चार बाटल्या मला द्यायच्या होत्या. माझ्या लक्षात आलं की परीक्षा, वाटणी, सगळं झालं ते या चार बाटल्यांना घर शोधण्यासाठी. बाकीच्या वाळूची त्यांना काळजी नव्हती. वाळू कुठेही राहिली असती.

कामही समजावून सांगितलं. दर सोमवारी, बाजारच्या दिवशी, आळसंदच्या सोनाबाई येत. त्यांचा दगडू ब्रह्मदेशात होता. आल्या की स्टुलावर चढायचं, दगडूची बाटली काढायची, पुसायची, त्यांच्या हातात द्यायची. बाकी तिघांचे आईबाप लांबचे, वर्षातून एकदा जत्रेला येतात, पण त्यांच्या बाटल्यांवरही धूळ बसू द्यायची नाही.

मला एकाएकी राग आला. दगडू बेपत्ता असल्याची तार सोनाबाईंना मीच वाचून दाखवली होती, तीन वर्षांपूर्वी. मी तात्यांना म्हणालो, "तात्या, ही पोरं आता येणार नाहीत. त्या बाईला का झुलवत ठेवायचं?"

तात्या खाली बसले. खोकल्याची उबळ जिरल्यावर म्हणाले, "मला कळत न्हाई व्हय, मास्तर? पर त्या माउलीच्या हातनं बाटली काडून घ्यायची कुनी? मला न्हाई जमत. तुमी लय शिकल्याली मानसं. तुमाला जमलं तर बगा."

मला जमणार नव्हतं, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. मी चारही बाटल्या धोतराच्या ओच्यात घेऊन घरी आलो. वाटेत दोघांनी विचारलं, मास्तर, कुणी आजारी आहे का?

तात्या निघाले त्या दिवशी सकाळी मी एक उद्योग केला. घरातली खोकल्याच्या औषधाची बाटली तीनदा धुतली, उन्हात वाळवली, चिठ्ठी लिहून चिकटवली आणि त्या चौघींशेजारी ठेवली. मग स्टँडवर गेलो. सगळा गाव आला होता. सरूकाकी बायकांच्या गळ्यात पडत होती. तात्या ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि सवयीनं उतारूंच्या वहाणा बघत होते. मी खिडकीपाशी जाऊन म्हणालो, "तात्या, मदुरेची वाळू आणा. बाटलीवर तुमचं नाव घालून ठेवलंय."

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. लढाईभर कितीतरी पोरांना त्यांनी ते वाक्य सांगितलं असेल. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. मला माझ्या डोळ्यांचा भरवसा नव्हता म्हणून मी मोटारीच्या चाकाकडे पाहत उभा राहिलो. मोटार सुरू झाली तेव्हा ते मागे वळून पोराला विचारत होते, "शंकर, मदुरंला नदी हाय का रं?"

महिन्याभरानं कार्ड आलं, शंकरच्या अक्षरात, तात्यांच्या तोंडचं. नदी हाय. पानी न्हाई, पर वाळू झकास. सून घरात भाजू देत न्हाई. खोकला कमी. काम ध्यानात हाय.

कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या सोमवारी सोनाबाई माझ्या खोलीवर आल्या. भट्टी दुसऱ्याची झाल्यापासून त्या आल्याच नव्हत्या, आणि मी दर सोमवारी सुटकेचा निःश्वास टाकून वर स्वतःला शिव्याही देत होतो. डोक्यावर पाटी, तिच्यात मेथी. दारातच टेकल्या. मी काय बोलायचं ते आठ वेळा पाठ केलं होतं. खुर्चीवर चढलो, दगडूची बाटली काढली, पुसली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती हातात घेतली, पण बघितली नाही.

"तात्यांची कंची?" त्यांनी विचारलं.

स्टँडवरचं माझं बोलणं आळसंदपर्यंत पोचलं होतं. मी दाखवली. तात्यांचं पत्र आलं का, खोकला कसा आहे, सून बरी वागवते का, सगळं त्यांनी विचारून घेतलं. मी कार्ड वाचून दाखवलं. नदीला पाणी नाही म्हटल्यावर हसल्या. मग बाटलीच्या बुचाशी चाळा करत खालच्या आवाजात म्हणाल्या, "दगडू न्हाई येत, मास्तर. तुमी तार वाचली तवाच मला कळलं."

मी विचारलं, मग दर सोमवारी येत का होता?

"आवं, तात्या त्या खोकल्यात स्टुलावर चढायचं. बाटली पुसायचं, माज्या हातात द्यायचं, आन् लय आशेनं माज्या तोंडाकडं बगायचं. म्या येनं सोडलं असतं तर त्येंनी काय समजायचं? म्हाताऱ्या मानसाचा जीव मोडायचा व्हय?"

त्या उठल्या. फळीला हात पोचत नव्हता, म्हणून मी तात्यांची बाटली खाली दिली. त्यांनी ती पदरानं पुसली, तिच्यावर धूळ नसताना पुसली, आणि म्हणाल्या की ही पुढं ठेवा, दगडूची मागं सरकवा. हा माणूस यायचा आहे. मी तसं केलं. मग त्यांनी मेथीची एक जुडी माझ्या टेबलावर ठेवली, आजच करून खा म्हणून बजावलं, आणि बाजारात गेल्या.

त्या संध्याकाळी मी तात्यांना कार्ड टाकलं. सोनाबाई येऊन गेल्या, बाटली हातात घेतली, त्यांना बरं वाटलं, असं लिहिलं. कोणती बाटली ते लिहिलं नाही.